चार बोटं डावीकडे

आमच्या बिल्डिंगमध्ये गोल्फ खेळणारा माणूस एकच होता आणि त्यानं गोल्फचं मैदान उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून रिक्षानं सात मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावरच्या वन-बीएचकेच्या हॉलमध्ये हा खेळ चालायचा. लांब मारणं, हिरवळ, तळी, टोप्या यातलं काही नाही. फक्त शेवटचा भाग, म्हणजे बॉल हलकेच ढकलून खड्ड्यात घालायचा, ज्याला पटिंग म्हणतात. खड्ड्याच्या जागी शोकेसखाली, भिंतीला टेकवून आडवा ठेवलेला स्टीलचा पेला होता. मी दुसऱ्या मजल्यावर, बरोबर त्या हॉलच्या खाली राहायचो.

सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही. ठाण्याच्या एका कारखान्यात ते चौतीस वर्षं कॅलिब्रेशनला होते. प्रेशर गेज, थर्मामीटर, वजनकाटे अशी मोजणारी यंत्रं नीट मोजतात का, हे तपासायचं काम. चौतीस वर्षं हे केल्यावर माणसाचं काय होतं ते त्यांच्याकडे बघून कळायचं. आज फार उकडतंय असं कोणी जिन्यात म्हटलं की ते थांबून विचारायचे, "उकडतंय, की तुला उकडतंय असं वाटतंय?" वाटणं ही गोष्ट त्यांना मंजूरच नव्हती. मे महिन्यात त्यांच्याशी बोलताना लोक हवेचा विषय टाळायचे.

त्यांच्याकडे पिवळ्या स्टिकरांचं एक बंडल असायचं. 'तपासले', खाली सही, खाली 'पुढील तपासणी' आणि तारीख. पाण्याच्या पंपाच्या गेजवर तो स्टिकर होता, काकूंच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर होता. तळमजल्यावरच्या डॉक्टरांच्या बीपीच्या मशीनवर त्यांनी न विचारता एक लावला. डॉक्टरांनी तो खरवडून काढला. दुसऱ्या दिवशी काकांनी नवा लावला आणि त्यावर 'चार कमी दाखवते' असं लिहिलं. तेव्हापासून आमच्या बिल्डिंगमधली माणसं बीपी मोजून झालं की मनातल्या मनात चार मिळवायची. काकूंचं म्हणणं असं, की लग्नाला इतकी वर्षं झाली पण आपली एकही पोळी गोल म्हणून पास झालेली नाही.

पटर त्यांच्याकडे कसा आला ते त्यांनी मला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा एकाच शब्दांत. पटर म्हणजे ही ढकलायची काठी. कारखान्याचे मोठे साहेब गोल्फ खेळायचे. एकदा ते आपला पटर घेऊन कॅलिब्रेशनच्या खोलीत आले आणि म्हणाले, बॉल सारखा डावीकडे जातो, काठी वाकली असणार, बघा जरा. काकांनी तो तीन दिवस ठेवून घेतला, ग्रॅनाइटच्या सपाट ठोकळ्यावर उभा-आडवा तपासला आणि रीतसर सर्टिफिकेट दिलं. यंत्र : निर्दोष. चूक : वापरणाऱ्यात. कारवाई : वापरणारा बदलावा. आता काकांची बदली होणार असं खात्यातले सगळे धरून चालले होते. साहेबांनी मात्र ते सर्टिफिकेट फ्रेम करून केबिनमध्ये लावलं. काका रिटायर झाले त्या दिवशी निरोपसमारंभात त्यांनी तोच पटर काकांच्या हातात दिला आणि "कारवाई केली" एवढंच भाषण केलं.

घरी आणल्यावर तो वर्षभर कपाटावर पडून होता. जे मोजता येत नाही ते करण्यात काकांना रस नव्हता. मग त्यांनी कुठंतरी वाचलं की पटरच्या दांड्याला अडकवायचा काडेपेटीएवढा सेन्सर मिळतो. बॉलला लागताना पटरचं तोंड किती अंश कुठं वळलेलं होतं, काठी कुठल्या रेषेत मागे गेली आणि कुठल्या रेषेत पुढे आली, त्याला किती वेळ लागला, सगळं तो मोबाइलवर आकड्यांत दाखवतो. काकांनी दीड महिना त्याबद्दल वाचलं आणि मागवला. गोल्फ त्यांना त्या दिवशी पटला.

रोज सकाळी साडेसहाला दहा बॉल. चटई वगैरे नाही, थेट जुन्या मोझेक लादीवर. लादीला लहर नसते, असं ते म्हणायचे. मला खाली ऐकू यायचं ते असं : बारीक टक्, मग घर्रर्र, मग पेल्यात गेला तर टण्ण आणि भिंतीवर आपटला तर ठक्. पहिले दोन महिने फक्त ठक् होतं. त्यातल्या पहिल्याच आठवड्यात बायकोनं मला वर पाठवलं. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरीही होतो. ज्या मीटिंगला मी गेलो नव्हतो तिच्यात मला एकमतानं निवडण्यात आलं होतं. तेव्हा तक्रार करणाराही मी आणि ऐकून घेणाराही मीच.

काकांनी माझं सगळं ऐकलं, माझ्या हातात मोबाइल दिला आणि म्हणाले, "बरं झालं आलास. एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं अशी पद्धत आहे. वाचणाऱ्यानंच लिहिलं की त्याला हवं ते लिहितो. हिला सांगितलं तर ही ऐकत नाही." मी वाचलं, "तीन पूर्णांक एक अंश डावीकडे." त्यांनी लिहिलं. दहा बॉल झाले, चहा झाला आणि मी तक्रार न करता खाली आलो. त्या दिवसापासून दर रविवारी मी दुसरा निरीक्षक.

रजिस्टरला चार रकाने होते : तारीख, वाचन, चूक, कारवाई. शेवटचा रकाना मोकळा सोडायचा नाही हा त्यांचा कायदा होता. चूक सापडली की तिचं काय केलं ते लिहायचंच, नाहीतर चूक शोधलीत कशाला? यातली बरीच पानं मला आठवतात. चूक : खांदा हलतो. कारवाई : पाठ कपाटाला टेकवून सराव. चूक : पायातली चप्पल सरकते. कारवाई : चप्पल बंद. एक पान तर मी घरी येऊन बायकोला सांगितलं. पटर मागे न्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्या वेळात तो पुढे यायला हवा, म्हणजे दोनास एक. काकांचं हे कधी जमायचं, कधी नाही, आणि कारण सापडेना. महिन्याभरानं सापडलं. काकू त्याच वेळी आत खलबत्त्यात चहाचं आलं कुटायच्या आणि काकांचा हात नकळत त्या ठोक्यांवर चालायचा. आलं नसेल त्या दिवशी प्रमाण बिघडायचं. चूक : लय गेली. कारवाई : आलं आणलं.

सांगायची गोष्ट ही की त्यांचा हात सुधारला. तीन अंशांचे दोन झाले, दोनाचा एक. दिवाळीपर्यंत पटरचं तोंड सरळ येऊ लागलं, दशांशाचा फरक राहिला. दहातले सात बॉल पेल्यात, मग नऊ. मार्चमध्ये सलग आठ दिवस दहापैकी दहा गेले. आमच्याकडे खाली सकाळचा गजर लावायची गरज राहिली नाही. काकूंनी शिरा केला. काकांनी पटरच्या दांड्याला पिवळा स्टिकर लावला. साहेबांना दिलेल्या सर्टिफिकेटची ही पुरवणी आहे, असं मला म्हणाले.

आणि पावसाळा संपता संपता बॉल चुकायला लागले. आधी आठ, मग सहा, मग तीन. सगळे डावीकडे. मी मोबाइलवर वाचायचो ते आकडे मात्र पूर्वीसारखेच, सरळ. काकांनी आधी मशीनवर संशय घेतला आणि ते लादीच्या सांध्यावर धरून तीन-तीनदा तपासलं. मशीन बरोबर होतं. मग बॉलवर. बॉल एका बाजूला जड असेल म्हणून काकूंच्या पातेल्यात मिठाचं पाणी करून त्यात सगळे बॉल तरंगवले; जड बाजू असली तर तीच दरवेळी खाली जाते. एक बॉल नापास झाला, बाकीचे पास. पास झालेलेही डावीकडेच जात होते. दसऱ्याच्या सुमारास ते पेल्यापासून चार बोटं डावीकडे आपटायला लागले.

त्या रविवारी काका खुर्चीत बसून बराच वेळ लादीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हात बरोबर. मशीन बरोबर. बॉल बरोबर. मग उरलं काय?"

उरली होती जमीन. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाणी भरून त्यांनी हॉलच्या दोन टोकांना धरायला लावली; एक टोक मी धरलं, एक काकूंनी. पश्चिमेकडची, गॅलरीकडची बाजू खाली होती. मी म्हटलं, जुनी बिल्डिंग आहे, गवंड्यानं पहिल्यापासूनच तशी लादी बसवली असेल. काका म्हणाले, जमिनीचं पहिलं वाचन आपल्याकडे नाही, पण बॉलचं आहे. मार्चमध्ये याच हातानं, याच रेषेवरून बॉल पेल्यात जात होता. लादी मार्चनंतर हलली आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सेक्रेटरीला, म्हणजे मला, पत्र दिलं. विषय : इमारत पश्चिमेकडे कलत असल्याबाबत. सोबत : रजिस्टरच्या प्रती. विनंती : इंजिनिअरकडून तातडीने तपासणी व्हावी.

ते पत्र मी फाइलला लावलं आणि पाच आठवडे तसंच ठेवलं. कारणं देता येतील. सोसायटीत रिडेव्हलपमेंटवरून दोन तट होते, आणि बिल्डिंग कलली असं कागदावर आलं की हा बिल्डरचाच डाव आहे असं अर्धे लोक म्हणणार होते. पण खरं कारण तेवढं नव्हतं. माझी मुलगी दहावीला होती. परीक्षेच्या वर्षी घर बदलायचं मला जिवावर आलं होतं. पत्रावर एका गोल्फ खेळणाऱ्या म्हाताऱ्याची सही होती, ही माझ्या सोयीची गोष्ट होती. काकांनी त्या पाच आठवड्यांत मला एकदाही विचारलं नाही. जिन्यात भेटले की फक्त तारीख सांगायचे, आज अमुक, पत्राला इतके दिवस झाले.

पाचव्या रविवारी मी सर्दीचं निमित्त करून वर गेलो नाही. मुलगी गॅलरीजवळच्या टेबलाशी अभ्यास करत होती, मी पेपर वाचत होतो. वर टक्, घर्रर्र, ठक्. एरवी ठक् नंतर आवाज संपायचा. त्या दिवशी संपला नाही. बॉल भिंतीला लागून थांबला आणि मग आपणहून निघाला, हळूहळू, माझ्या डोक्यावरून, टीव्हीवरून, मुलीच्या टेबलावरून, आणि गॅलरीच्या उंबऱ्याला जाऊन लागला. मुलीनं वर बघितलं आणि पुन्हा खाली मान घातली. दुसरा बॉल तसाच गेला. मी दहाही ऐकले. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. मीटिंगची नोटीस मी त्याच दुपारी लावली.

मीटिंग खाली पार्किंगमध्ये झाली. काकांनी रजिस्टर वाचायला सुरुवात केली, तारीख, वाचन, चूक. तिसऱ्या पानाला लोक हसायला लागले. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "काका, कुठल्या बिल्डरनी पकडलंय तुम्हाला ते डायरेक्ट सांगून टाका ना." सगळ्यात चिडल्या होत्या पहिल्या मजल्यावरच्या बाई. त्या रिटायर झालेल्या शिक्षिका, एकट्या राहायच्या. त्यांनी विचारलं की तुम्हाला वेळ जात नाही म्हणून आम्ही बिऱ्हाडं पाठीवर घ्यायची का. काका रागावलेले मी तेव्हाच पाहिले. त्यांनी रजिस्टर मिटलं.

"माझ्या हातावर विश्वास ठेवू नका. वर चला. प्रत्येकानं एकेक बॉल मारा."

सोळा बिऱ्हाडांतली माणसं रांगेनं तिसऱ्या मजल्यावर चढली. रांग जिन्यात दुसऱ्या मजल्यापर्यंत आली होती. मी मोबाइल धरून उभा राहिलो. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मारला तो बॉल सोफ्याखाली गेला. मी वाचलं, "चौदा अंश उजवीकडे." काकांनी लिहिलं. डॉक्टरांचे नऊ अंश, डावीकडे. माझ्या बायकोचे सहा. कोणाच्या बॉलवरून काहीच सिद्ध होत नव्हतं, कारण कोणालाच सरळ मारता येत नव्हतं, आणि काका प्रत्येकाची चूक शांतपणे लिहून घेत होते. लोकांना मजा यायला लागली. काकूंनी चहा टाकला. मला वाटलं, झालं, आता हे हसत हसत खाली उतरणार आणि पुन्हा कोणी या विषयाला हात लावणार नाही.

शेवटी बाई आल्या. नको नको म्हणत त्यांनी पर्स माझ्या बायकोकडे दिली, चष्मा पुसला आणि पटर हातात घेतला. तीस वर्षं त्यांनी फळ्यावर पट्टीशिवाय सरळ रेघ मारली होती, हे आम्हाला नंतर आठवलं. त्यांनी एकदा पेल्याकडे बघितलं आणि ढकलला.

मी वाचलं, "शून्य पूर्णांक एक अंश." पुढे काही बोलायची गरज पडली नाही. बॉल पेल्याकडे सरळ निघाला, अर्ध्या हॉलपर्यंत सरळ गेला, मग डावीकडे वळायला लागला. सगळ्यांदेखत तो पेला सोडून भिंतीला लागला, जरा थांबला आणि गॅलरीकडे घरंगळत गेला. चहाचे कप घेऊन काकू दारात उभ्या होत्या. कोणी कप घेतला नाही.

"मी सरळच मारला होता," बाई म्हणाल्या.

"हो," काका म्हणाले, "तुमची चूक नाही."

बाईंनी पटर कपाटाला टेकवून ठेवला, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "इंजिनिअरला उद्याच बोलवा."

इंजिनिअरनं पश्चिमेच्या कोपऱ्यातला खांब उघडला. दवाखान्याच्या टाइल्समागे तो कित्येक वर्षं झाकलेला होता. आतली सळई गंजून फुगली होती आणि सिमेंट हातानं निघत होतं. त्यानं आठ दिवसांत बिल्डिंग रिकामी करायला सांगितलं. तो गेल्यावर काकूंनी माझ्यासमोर काकांना एकच वाक्य ऐकवलं, की कुठल्या नवऱ्यानं बायकोला असं मोजूनमापून घराबाहेर काढलं नसेल. हे ऐकेपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की ते पत्र लिहिताना काका स्वतःचंही घर सोडायचं पत्र लिहीत होते. एकतीस वर्षं राहिले होते ते तिथं.

त्या आठ दिवसांत मी सामान बांधत होतो तरी साडेसहाचे दहा बॉल चुकले नाहीत. पण आवाज बदलला होता. पहिल्या दिवशी दोन टण्ण, तिसऱ्या दिवशी सहा, शेवटचे दोन दिवस दहापैकी दहा. मला नवल वाटलं म्हणून वर जाऊन बघितलं. सेन्सर काढून डब्यात ठेवलेला होता. पुरावा देऊन झाला, आता मशीनचं काम नाही, असं काका म्हणाले. खोक्यांच्या मधून जेमतेम बॉल जाईल एवढी वाट त्यांनी मोकळी ठेवली होती. रजिस्टरही बांधून झालं होतं.

आम्ही निघाल्यावर सहाव्या दिवशी पश्चिमेच्या गॅलऱ्या खाली आल्या, चौथ्या मजल्यापासून पहिल्यापर्यंत. कोणाला लागलं नाही. मी कोपरला भाड्यानं घर घेतलं होतं. बातमी कळली तेव्हा मुलगी आतल्या खोलीत मोठ्यानं भूगोल वाचत होती. मी दारात जाऊन उभा राहिलो आणि ती वैतागेपर्यंत ऐकत राहिलो.

काका-काकू टिटवाळ्याला गेले. नवी बिल्डिंग, लिफ्ट, गुळगुळीत टाइल्स. महिन्याभरानं एका रविवारी मी गेलो, तेव्हा ते माझी वाटच बघत होते. दुसऱ्या निरीक्षकाशिवाय त्यांनी रजिस्टर उघडलं नव्हतं. नळी लावून जमीन आधीच तपासून ठेवली होती. सपाट. उंबऱ्यापाशी पिवळा स्टिकर लागला होता. सेन्सर पुन्हा दांड्यावर चढला. आत खलबत्ता वाजत होता.

पहिला बॉल पेल्यापासून चार बोटं उजवीकडे गेला.

मी वाचलं, "एक पूर्णांक चार अंश उजवीकडे." दुसरा तसाच. मशीन काढून पुन्हा लावलं, लादीच्या सांध्यावर धरून तपासलं. तिसरा तसाच. दहाही उजवीकडे, दहाही चार बोटांवर. काका खुर्चीत बसले आणि पटर मांडीवर आडवा घेऊन आपल्या मनगटाकडे बघत राहिले.

"शेवटचे आठ दिवस मशीन लावलं नव्हतं," ते म्हणाले. "हातानं आपलं आपणच शिकून घेतलं. हाताला अजून तेच घर आहे असं वाटतंय."

इतक्या वर्षांत काकांनी स्वतःहून 'वाटतंय' म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आतला खलबत्ता थांबला होता.

त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं. तारीख लिहिली, वाचन लिहिलं. चूक : १.४ अंश उजवीकडे. चौथ्या रकान्यापाशी पेन थांबलं. ती चूक काढणं त्यांना जड नव्हतं. तीन अंशांची चूक त्यांनी आल्याच्या ठोक्यांवर काढली होती, ही महिनाभरात गेली असती. रकाना मोकळा सोडायचा नाही हाही कायदा होताच. मग त्यांनी नेहमीच्या अक्षरात लिहिलं आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

कारवाई : राहू द्यावी.

त्याखाली दुसरा निरीक्षक म्हणून मी सही केली.